पाचशे प्रती छापण्याआधी: मराठी पुस्तकाचं ई-पुस्तक कसं करावं

बाबांच्या आठवणींचं पुस्तक आम्ही २००९ साली इंदुरातच छापून घेतलं. बाबा इथल्या एका कापड गिरणीत हिशेबनीस होते. गिरणीचा भोंगा, पाळीची माणसं आणि गिरणी बंद पडल्यानंतरची वर्षं, असं सगळं त्यांनी वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं. १६० पानं, डेमी आकार (साधारण साडेपाच बाय साडेआठ इंच), ५०० प्रती. 'पाचशेच्या खाली परवडत नाही,' असं छापखान्यात सांगितलं आणि आम्ही मान्य केलं. नातेवाईक, बाबांचे जुने सहकारी, रामबाग आणि लोकमान्य नगरातली ओळखीची घरं, पुण्या-नागपूरचे आप्त अशा मिळून १९० प्रती गेल्या. उरलेले गठ्ठे दिवाणाच्या पेटीत ठेवले. चौथ्या पावसाळ्यात त्यांना ओल लागली, मग वाळवी, आणि शेवटी ते रद्दीच्या काट्यावर गेले. बाबा तेव्हा होते. गठ्ठे दाराबाहेर जाताना त्यांनी पाहिले आणि काही बोलले नाहीत.

नंतर मी कागदाचा हिशेब मांडून पाहिला. डेमी पुस्तकाचा एक फर्मा (एकत्र छापून घडी घातलेल्या पानांचा संच) १६ पानांचा, म्हणजे १६० पानांचे १० फर्मे. २३ बाय ३६ इंची एका तावात दोन फर्मे बसतात, म्हणून एका प्रतीला ५ ताव लागतात. ५०० प्रतींना २,५०० ताव, म्हणजे ५ रीम. ७० जीएसएमच्या (चौरस मीटरला ७० ग्रॅम भरणाऱ्या) अशा एका रीमचं वजन सुमारे १८.७ किलो. मुखपृष्ठाचा जाड कागद आणि छपाईत वाया जाणारे ताव सोडूनही एकूण ९३ किलो कागद झाला. त्यातला साठ किलोंच्या आसपास कुणी न उघडताच गेला.

बाबांच्या मागे, २०२३ मध्ये मी त्याच पुस्तकाचं ई-पुस्तक केलं. ज्या कामाला दोन महिने पुरले असते त्याला आठ महिने लागले, कारण कुठल्या क्रमानं काय करायचं हे सांगणारं कुणी नव्हतं. आपल्या गावात असे लिहिणारे पुष्कळ आहेत. कुणाकडे आजीच्या ओव्या आहेत, कुणाकडे नर्मदा परिक्रमेची रोजनिशी, कुणाकडे मंडळाची स्मरणिका. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी हाताशी काय असावं

साधा संगणक पुरतो. त्यावर लिब्रेऑफिस (लिहिण्यासाठी), सिजिल (ई-पुस्तकाची फाइल दुरुस्त करण्यासाठी) आणि कॅलिबर (ई-पुस्तक उघडून पाहण्यासाठी) हे तीन प्रोग्राम घ्या, तिन्ही फुकट आहेत. युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर आणि फोनवर ओळखल्या जाणाऱ्या प्रमाण अक्षरपद्धतीत मराठी टायपिंगची सोय हवी, इनस्क्रिप्ट हा सरकारी कळफलक असो वा उच्चारानुसार. एक अँड्रॉइड फोन आणि शक्य असेल तर कुणाचा तरी आयफोनही तपासणीसाठी लागेल. कागदपत्रांमध्ये पॅन कार्ड, ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा, बँक खात्याचा तपशील, आणि पुस्तक दुसऱ्याचं असेल तर हक्काची लेखी संमती.

किंडलसारखं वेगळं वाचनयंत्र यासाठी विकत घेऊ नका. कागद वाचवायला निघून नवं यंत्र घरात आणणं मला पटत नाही. तुमचे बहुतेक वाचक हातातल्या फोनवरच वाचणार आहेत.

१. हक्क कुणाचा, ते लेखी ठरवा

स्वतःचं पुस्तक आणि स्वतःच्या खर्चानं छापलेलं असेल तर प्रश्न नाही. प्रकाशकाकडून आलेलं असेल तर जुना करार शोधा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, हक्क देताना मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते. ई-पुस्तकाचा उल्लेख करारात आहे का, तेही पाहा. शंका असेल तर प्रकाशकाला पत्र लिहून उत्तर लेखी घ्या. फोनवरचं 'करा हो, काही हरकत नाही' नंतर कुणाला आठवत नाही.

लेखक हयात नसेल तर हक्क वारसांकडे जातो, सगळ्या वारसांकडे. मी माझ्या भावाची सही साध्या कागदावर घेतली होती, ती पुढे दोनदा कामाला आली. लेखकाच्या निधनानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं उलटली, की हयातीत प्रकाशित झालेला मजकूर सर्वांसाठी खुला होतो. निधनानंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाचा हिशेब मात्र प्रकाशनाच्या वर्षापासून होतो. पणजोबांची अप्रकाशित वही हाती घेणाऱ्यांनी हा फरक ध्यानात ठेवावा.

पुस्तकातली छायाचित्रं आणि मुखपृष्ठाचं चित्र यांचा हक्क वेगळा असतो. चित्रकाराला विचारा.

२. मजकूर युनिकोडमध्ये आणा

सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, आणि लोक इथेच थकून पुस्तक सोडून देतात.

तुमचा मजकूर तीनपैकी एका अवस्थेत असेल. युनिकोडमध्ये टाइप केलेला असेल तर तुम्ही नशीबवान, पुढच्या पायरीवर जा.

दुसरी अवस्था म्हणजे डीटीपीवाल्याकडची जुनी फाइल. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा जुन्या फाँटांमध्ये संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांवर मराठीचे आकार चढवलेले असतात. तो फाँट काढला की फाइल म्हणजे अक्षरांचा चिवडा. माझ्या हाती पेजमेकरची (पानं जुळवण्याच्या जुन्या प्रोग्रामची) फाइल आली तेव्हा मला वाटलं ती खराब झाली आहे. खराब झालेली नव्हती, फक्त फाँट नव्हता. अशी फाइल युनिकोडमध्ये बदलणारे परिवर्तक इंटरनेटवर फुकट मिळतात, पण प्रत्येक फाँटाचा परिवर्तक वेगळा असतो. म्हणून छापखान्यातून फाइल आणताना फाँटाचं नेमकं नाव लिहून आणा. आज पुस्तक छापत असाल तर छापखान्याशी ठरवतानाच युनिकोड फाइल मिळेल असं लिहून घ्या. पुढची सगळी वणवण वाचेल.

तिसरी अवस्था: फक्त छापील प्रत उरली आहे. मग स्कॅन करून अक्षरओळख करून घ्यावी लागते. ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) स्कॅन करा, टाइप बारीक असेल तर ४०० ला. पान सपाट ठेवा, शिवणीकडची अक्षरं वाकली की ती ओळख चुकते. गूगल ड्राइव्हमध्ये चित्र चढवून ते गूगल डॉक्समध्ये उघडलं की मजकूर निघतो. टेसरॅक्ट हा फुकट प्रोग्रामही मराठी ओळखतो. चांगल्या छपाईचं पान बऱ्यापैकी शुद्ध येतं, पण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांची अदलाबदल होते, 'ख' चा 'रव' होतो आणि अनुस्वार गळतात. ओळीच्या शेवटी तोडलेले शब्दही मधल्या रेघेसकट येतात, ते जोडून घ्यावे लागतात.

वाटेल त्या अवस्थेतून मजकूर आलेला असो, पुढच्या तीन गोष्टी तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पहिली, ऱ्य आणि ऱ्ह. 'दुसऱ्या' हा शब्द संगणकावर दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात खाली टिंब असलेला ऱ येतो. दुसऱ्यात साध्या र आणि हलन्तानंतर न दिसणारं एक जोडचिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण वाचक पुस्तकात शोध घेतो तेव्हा निम्मेच सापडतात. शिवाय परिवर्तन करताना ते जोडचिन्ह गळलं तर 'दुसर्या' असं रफार चढलेलं रूप उरतं. मग 'दऱ्या' चा 'दर्या' होतो आणि स्वयंपाक करणारा आचारी आचार्य होऊन बसतो. सगळीकडे पहिली तऱ्हा ठेवा. मात्र 'र्य' शोधून सरसकट 'ऱ्य' करू नका, कारण सूर्य, कार्य, धैर्य हे शब्द बिघडतील. एकेक पाहून बदला. मला दोन दुपारी लागल्या.

दुसरी, ळ. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या लोकांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. इंदुरातले बहुतेक अक्षरजुळणी करणारे हिंदी टाइप करणारे, त्यांचा हात ल वर जातो. बाबांच्या पुस्तकात 'काळ' चा 'काल', 'वेळ' चा 'वेल' आणि 'बाळ' चा 'बाल' झाला होता, आणि छापील प्रतीतही तो तसाच गेला होता. शुद्धलेखन तपासणारा प्रोग्राम हे पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. माणसाच्या डोळ्याला पर्याय नाही.

तिसरी, ॲ. 'ॲ' हे एकसंध अक्षर वापरा. अ वर वेगळी चंद्रकोर देऊन लिहिलेला 'अॅ' काही फोनवर सुटा होऊन मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ दाखवतो. हा बदल मात्र सरसकट करता येतो.

३. मांडणी: दिसण्यापेक्षा रचना

ई-पुस्तकात पान ठरलेलं नसतं. वाचक अक्षर मोठं करतो, फोन आडवा धरतो, मजकूर नव्यानं वाहतो. म्हणून एंटर दाबदाबून पान ढकलणं, स्पेस देऊन शीर्षक मधोमध आणणं, हे सगळं काढून टाका. लिब्रेऑफिसमध्ये प्रकरणाच्या नावाला पहिल्या पातळीच्या शीर्षकाची शैली द्या, उपशीर्षकाला दुसऱ्या पातळीची. अनुक्रमणिका या शैलींवरूनच बनते.

'पाहा पृष्ठ ४७' असे उल्लेख शोधा. ई-पुस्तकात पृष्ठ ४७ कुठेच नसतं. तिथे प्रकरणाचं नाव लिहा किंवा दुवा द्या. कविता, अभंग, ओव्या असतील तर प्रत्येक ओळ तोडा, पण कडवं एकाच परिच्छेदात ठेवा. लहान पडद्यावर लांब ओळ वळेल, तेव्हा वळलेला भाग थोडा आत सरकेल अशी शैली ठेवा, नाहीतर चरण कुठे संपला ते कळत नाही. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, त्यानं शिरोरेषा तुटते. प्रकरणाचं पहिलं अक्षर भलं मोठं करण्याची हौसही सोडा, जोडाक्षर असेल तर ते फुटतं.

फाँट पुस्तकात जोडायचा असेल तर मुक्त परवान्याचाच घ्या: आयआयटी मुंबईचा शोभिका, तिरो देवनागरी मराठी, नोटो सेरिफ देवनागरी किंवा मुक्ता. विकतचा फाँट तुमच्या संगणकावर आहे म्हणजे तो पुस्तकात भरून वाटण्याची परवानगी आहे असं नाही.

४. ईपब करा, पीडीएफवर थांबू नका

ईपब हा ई-पुस्तकांसाठीचा फाइलचा प्रकार. माझा आग्रह कुठल्या एका गोष्टीचा असेल तर तो हा. पुष्कळ मंडळं छापखान्याची पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकतात आणि ई-पुस्तक झालं असं समजतात. डेमी आकाराचं पान फोनच्या पडद्यावर बसवलं की अक्षर मुंगीएवढं होतं. वाचक ते बोटांनी ताणतो, डावी-उजवीकडे सरकवतो आणि पाचव्या पानाला कंटाळतो. मग ज्येष्ठ मंडळी काय करतात? कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन छापून आणतात. ए-फोर कागदावर, बरेचदा एकाच बाजूला. माझ्या मावशीनं बाबांचं पुस्तक तसंच आणलं होतं, १६० कागद. छापील डेमी प्रतीला लागतो त्याच्या जवळजवळ चौपट कागद तिथे गेला. वाचता न येणारं ई-पुस्तक कागद वाचवत नाही, वाढवतं.

ईपबमध्ये मजकूर पडद्याप्रमाणे वाहतो. लिब्रेऑफिसमध्ये फाइल मेनूतून 'ईपब म्हणून निर्यात' करा. निघालेली फाइल सिजिलमध्ये उघडा आणि पुस्तकाच्या माहितीत लेखक, शीर्षक आणि भाषा भरा. भाषा मराठी अशीच नोंदवा. ती इंग्रजी किंवा हिंदी राहिली तर मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज मराठी मजकूर भलत्याच ढंगात वाचतो, आणि काही फाँटांमध्ये ल आणि श यांची मराठी वळणं न येता हिंदी वळणं येतात. शेवटी ईपबचेक या फुकट साधनातून फाइल तपासा. चुकांची यादी लांबलचक आली तरी घाबरू नका, बहुतेक वेळा एकच चूक पन्नास ठिकाणी असते.

५. प्रुफं कागदावर काढू नका

दोन-तीन वेळा प्रुफं छापली की तिथेच पाचशे कागद गेले. ईपब फोनवर घ्या आणि अक्षर नेहमीपेक्षा मोठं करून वाचा. सवयीच्या मांडणीत डोळा चुका ओलांडून जातो, नव्या मांडणीत अडखळतो.

मला सर्वांत उपयोगी पडलं ते ऐकणं. अँड्रॉइड फोनचा वाचक-आवाज मराठी बोलतो. बाबांची छापील प्रत हातात धरून मी फोनवरचा मजकूर ऐकला. गळलेला अनुस्वार, ल-ळ, राहून गेलेली ओळ, सगळं कानाला लगेच खटकलं. रोज एक प्रकरण, त्याहून जास्त नको, लक्ष सुटतं. दुसऱ्या कुणाकडूनही एकदा वाचून घ्या. आमच्या शेजारच्या काकूंनी, ज्या शाळेत मराठी शिकवत असत, ७० चुका काढून दिल्या. तोवर मी काम संपलं असं धरून चालले होते.

६. मुखपृष्ठ

उभं चित्र, उंची २,५६० आणि रुंदी १,६०० पिक्सेल, जेपेग. दुकानाच्या यादीत ते अंगठ्याएवढं दिसणार आहे, म्हणून पुस्तकाचं नाव ठळक घ्या.

७. आयएसबीएन

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक. भारतात तो फुकट मिळतो. नवी दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्था तो देते आणि अर्ज तिच्या सरकारी पोर्टलवर करायचा असतो. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा, मुखपृष्ठ आणि शीर्षकपान स्कॅन करून तयार ठेवा. 'लगेच काढून देतो' म्हणून पैसे मागणारे भेटतात, त्यांना देऊ नका.

छापील आवृत्तीचा क्रमांक ई-पुस्तकाला चालत नाही. प्रत्येक स्वरूपाला वेगळा क्रमांक लागतो. किंडल आणि गूगल प्ले बुक्स या ई-पुस्तकांच्या दुकानांवर आयएसबीएन सक्तीचा नाही, त्यामुळे त्याच्यासाठी पुस्तक अडवून ठेवायची गरज नाही. ग्रंथालयांच्या यादीत जायचं असेल तर मात्र घ्या.

८. कुठे ठेवायचं

आधी स्वतःला विचारा: विक्री हवी की वाचक हवेत? दोन्ही उत्तरं योग्य आहेत, पण वाटा वेगळ्या आहेत.

विक्रीसाठी ॲमेझॉनचं केडीपी (किंडलवर स्वतः पुस्तक प्रकाशित करण्याची सेवा) मराठी ई-पुस्तकं घेतं. खातं उघडताना करविषयक प्रश्नावली येते, तिच्यात पॅन क्रमांक भरा. तो न भरल्यास अमेरिकेतल्या विक्रीवर ३० टक्के कर कापला जातो, भरल्यास भारत-अमेरिका करारानुसार १५ टक्के. बँक खात्यावरचं नाव आणि पॅनवरचं नाव तंतोतंत जुळू द्या. माझ्या एका ठिकाणी माहेरचं आडनाव होतं, त्यात तीन आठवडे गेले.

मानधन ३५ किंवा ७० टक्के. भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर 'केडीपी सिलेक्ट' या योजनेत जावं लागतं, आणि इथे नवखे अडकतात. सिलेक्टमध्ये असताना ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेही डिजिटल रूपात ठेवता येत नाही, फुकटसुद्धा नाही. मुदत ९० दिवसांची असते आणि ती आपोआप पुढे चालू राहते. मंडळाच्या गटावर आधीच ईपब टाकलेलं असेल तर सिलेक्ट घेऊ नका.

गूगल प्ले बुक्सवर असं बंधन नाही. पुण्याच्या बुकगंगा या पुस्तकविक्रीच्या संकेतस्थळावर मुख्यतः मराठी वाचक येतात, हा त्याचा मोठा गुण. फुकट वाटायचं असेल तर इंटरनेट आर्काइव्ह हे खुलं डिजिटल ग्रंथालय आहे, आणि हक्काची मुदत संपलेलं जुनं पुस्तक असेल तर मराठी विकिस्रोत, म्हणजे विकिपीडियाचं भावंड असलेला खुला ग्रंथसंग्रह. मी बाबांचं पुस्तक फुकट ठेवलं. गिरणीतल्या त्यांच्या सोबत्यांची मुलं आता कुठे कुठे पांगली आहेत, त्यांच्याकडून किंमत घेणं मनाला पटेना.

'तुमचं ई-पुस्तक आम्ही प्रकाशित करू' म्हणून आगाऊ मोठी रक्कम सांगणाऱ्यांपासून जपा. केडीपी, गूगल प्ले बुक्स आणि इंटरनेट आर्काइव्हवर पुस्तक ठेवायला पैसे पडत नाहीत. अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ यांचे पैसे देणं रास्त आहे, ते त्या त्या माणसाला द्या आणि ईपब फाइल स्वतःकडे ठेवा. ती दोन ठिकाणी जपून ठेवा. माझ्याकडची २००९ ची सीडी उघडलीच नाही.

९. वाचकाच्या हातात पोचवा

ईपब व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवता येतं. आयफोनवर ते 'बुक्स' मध्ये उघडतं. अँड्रॉइडवर गूगल प्ले बुक्समध्ये फाइल चढवावी लागते, आणि ज्येष्ठांना ते कुणीतरी एकदा करून द्यावं लागतं. आम्ही रविवारी सकाळी घरी चार-पाच जणांना बोलावतो, पोहे होतात, मग प्रत्येकाच्या फोनवर पुस्तक उतरवून अक्षर मोठं कसं करायचं ते दाखवतो. मोठ्यानं वाचून दाखवणारा आवाज सुरू करून दिला की दृष्टी अधू झालेल्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. छापील पुस्तक त्यांच्यापासून कधीच दुरावलेलं असतं.

१०. कागदी प्रती हव्याच असतील तर

काहींना हातात पुस्तक हवं असतं आणि त्यात काही चूक नाही. मागणी आधी नोंदवा, मग डिजिटल छपाईच्या छापखान्यातून तेवढ्याच प्रती काढा. एका प्रतीचा दर ऑफसेटपेक्षा (पाचशे प्रतींसारख्या मोठ्या छपाईच्या पद्धतीपेक्षा) जास्त पडेल, पण एकूण खर्च कमी होईल, कारण उरणाऱ्या गठ्ठ्याचे पैसे तुम्ही देत नसता. आम्ही सुधारलेल्या मजकुराच्या २५ प्रती काढल्या, 'काळ' चा 'काळ' ठेवून. तीन ग्रंथालयांना दिल्या, एकवीस नाव नोंदवणाऱ्यांना गेल्या. एक माझ्या टेबलावर आहे.